अरण्याचें भय आणि प्रेक्षकांचा कौल

चित्रपट संपून दिवे लागले कीं प्रेक्षक खुर्चीवरून उठतां उठतां जें पहिलें वाक्य बोलतो, त्यास आमच्या टीकावाङ्मयांत अद्यापि मानाचें स्थान मिळालेलें नाहीं. टीकाकार घरीं जातो, आधार शोधतो, पूर्वींच्या कृतींशीं तुलना करतो आणि मग लेखणी उचलतो; त्यास आपण परीक्षण म्हणतों. प्रेक्षक जिना उतरतांना ‘पैसे वसूल झाले’ किंवा ‘कांहींच दाखविलें नाहीं’ एवढें बोलून मोकळा होतो, आणि त्यास आपण गप्पा म्हणून सोडून देतों. हा भेद आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. प्रेक्षकाचें वाक्य अपुरें असेल, कित्येकदां तें अन्यायाचेंहि असेल. परंतु त्याच्या मागें जो अनुभव असतो तो खरा असतो. तो अनुभव समजून घेणें हें टीकेचें पहिलें कर्तव्य आहे; त्यास खोटें पाडणें हें नव्हे.

हें सर्वच चित्रपटांविषयीं खरें असलें, तरी एका जातीच्या चित्रपटांविषयीं विशेष खरें आहे. थोड्या पैशांत, थोड्या माणसांनिशीं, वस्तीपासून दूर रानांत काढलेला रहस्यपट ही ती जात. प्रेक्षकांत एवढी फाटाफूट दुसऱ्या कोणत्या चित्रपटानें क्वचितच होत असेल. एक म्हणतो, असें भय जन्मांत वाटलें नव्हतें. त्याच्याच शेजारच्या खुर्चीवरचा म्हणतो, झाडें आणि अंधार यांपलीकडे आम्हीं कांहीं पाहिलें नाहीं. दोघांनींहि एकाच वेळीं एकच पट पाहिलेला असतो, दोघेहि आपापल्या परीनें रसिक असतात. यांतील खरा कौल कोणता, असें विचारण्यांत फारसा अर्थ नाहीं. असे दोन कौल कां पडतात, आणि त्यांपासून चित्रपट काढणाऱ्यानें व पाहणाऱ्यानें काय शिकावें, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

प्रथम हें पाहूं, कीं अल्प भांडवलाचा निर्माता रानाकडे वळतो तो कां. रानांत देखावे उभारावे लागत नाहींत. उन्हास भाडें पडत नाहीं. कथाच एकांताची असल्यामुळें तीन-चार पात्रांवर भागतें, आणि त्या पात्रांचीं वस्त्रें शेवटपर्यंत तींच राहिलीं तरी कोणी नांवें ठेवीत नाहीं. रात्रीं रान उजळून दाखवावयाचें तर खर्च येतो. तें अंधारांतच ठेवावयाचें तर तो पुष्कळसा वांचतो. श्वापद असो, पिशाच्च असो कीं मारेकऱ्यांची टोळी असो, जें उभें करण्याची ऐपत नाहीं तें रात्र आपल्या पदराखालीं घेते. काटकी मोडल्याचा आवाज प्रेक्षकास ऐकविण्यास कितीसें द्रव्य लागणार? तेव्हां या जातीच्या पटांत लपविणें हें कलेचें साधन असतें आणि दारिद्र्याचें पांघरूणहि असतें. प्रेक्षकास निर्मात्याची जमाखर्चाची वही दिसत नाहीं. तथापि पुढ्यांतील अंधार यांपैकीं कोणत्या प्रकारचा आहे, हें त्यास कसें कोण जाणे, पण पुष्कळदां कळतें. सर्व वादाचें मूळ येथें आहे.

या वादाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या देशांतील नाहीं, अमेरिकेंतील आहे. आणि तेथील प्रेक्षकांच्या मतांची नोंद राहिलेली असल्यामुळें तें आधीं घेणें सोयीचें होईल. डॅनियल मायरिक आणि एडुआर्डो सांचेझ या दोघां तरुण दिग्दर्शकांचा ‘द ब्लेअर विच प्रॉजेक्ट’ हा पट १९९९ सालीं प्रदर्शित झाला. त्याचें मुख्य चित्रण ऑक्टोबर १९९७ मध्यें मेरिलंड संस्थानांतील रानांत अवघ्या आठ दिवसांत उरकलें होतें. तीन तरुण एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट काढण्यास रानांत शिरतात, वाट चुकतात आणि नाहींसे होतात. मागें त्यांनीं काढलेलीं चित्रें तेवढीं सांपडतात, एवढीच कथा. कॅमेरा नटांच्याच हातीं दिलेला होता. दिग्दर्शक दूर राहून रोज त्यांना चिठ्ठ्यांनीं सूचना देत, दिवसागणिक त्यांचें अन्न कमी करीत, आणि रात्रीं राहुटीबाहेर आवाज काढून त्यांची झोप मोडीत. चेटकीण संबंध पटांत एकदांहि दिसत नाहीं.

मूळ चित्रणास साठ हजार डॉलरांच्या आसपास खर्च आला, असें धरितात. पुढें जगभर या पटाचें उत्पन्न पंचवीस कोटी डॉलरांच्या जवळपास गेलें. यावरून कोणास वाटेल कीं प्रेक्षक संतुष्ट झाले. परंतु तसें नव्हतें. चित्रपटगृहांतून बाहेर पडणाऱ्यांकडून श्रेणी मागणारी ‘सिनेमास्कोर’ नांवाची एक संस्था तिकडे आहे. तिच्या पाहणींत प्रेक्षकांनीं या पटास ‘सी प्लस’ ही मध्यमाहूनहि खालीं जाणारी श्रेणी दिली. हलत्या कॅमेऱ्यानें कित्येकांस मळमळूं लागलें. २००० सालीं याच पटास अल्प खर्चाच्या पहिल्या चित्रपटासाठीं असलेलें ‘इंडिपेंडंट स्पिरिट’ पारितोषिक मिळालें, आणि त्याच सालीं त्यांतील नायिकेस सर्वांत वाईट अभिनयाचें ‘रॅझी’ हें उपहासाचें पारितोषिकहि मिळालें. गर्दी लोटते, तीच गर्दी नाराज होऊन परतते. एक मंडळ गौरव करतें, दुसरें टर उडवितें. हा केवळ रुचिभेद म्हणून सोडून द्यावा काय?

आम्हांस वाटतें, सोडूं नये. कारण या भेदाची मीमांसा करण्याचीं साधनें आपल्या साहित्यशास्त्रांत फार पूर्वींपासून तयार आहेत. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत भयानक रसाचे विभाव सांगितले आहेत, त्यांत विकृत आवाज, भुताखेतांचें दर्शन, कोल्हीं आणि घुबडें यांची धास्ती, ओसाड घर आणि अरण्य हीं सर्व येतात. म्हणजे रानांतील रहस्यपट ही कल्पना आपणांस परकी नाहीं; आणि त्या गणनेंत दर्शनाच्याहि आधीं आवाज येतो, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ज्यांस ‘कांहींच दाखविलें नाहीं’ ही तक्रार निर्णायक वाटते, त्यांनीं एवढें मान्य करावें कीं न दाखवितां भय उत्पन्न करणें हें शास्त्रबाह्य नाहीं.

परंतु विभाव मांडले म्हणजे रस झाला, असें नव्हे. आपल्याकडे न. चिं. केळकर यांनीं वाङ्मयानंदाचें मर्म ‘सविकल्प समाधि’ या शब्दांनीं सांगितलें. वाचक किंवा प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, पण आपली भूमिका पुरती सोडीत नाहीं. तो तेथेंहि असतो आणि येथेंहि असतो. भयाच्या बाबतींत तर हें अक्षरशः खरें आहे. रानांतल्या राहुटींत आपण खरोखरच असतों तर आनंद कसला? आपण खुर्चीवरच आहों ही जाणीव क्षणभरहि विसरलों नाहीं, तर भय कसलें? या दोहोंमधल्या अरुंद बांधावरून निर्मात्यानें प्रेक्षकास चालवावयाचें असतें. त्या अमेरिकन पटाच्या विक्रेत्यांनीं नेमका हा बांधच फोडला. नट खरोखरीच बेपत्ता झाले आहेत अशीं पत्रकें वांटलीं, इंटरनेटवर खोटे दाखले मांडले, आणि प्रेक्षकाच्या समाधींतला विकल्प काढून घेतला. ज्यानें तें खरें मानलें, त्यास सत्य कळल्यावर आपण घाबरलों असें वाटलें नाहीं. आपण फसलों असें वाटलें. अशा प्रेक्षकाचा राग पटावर कमी आणि व्यवहारावर अधिक होता, आणि तो आम्हांस रास्त वाटतो.

याहून बारीक विचार अभिनवगुप्ताचा आहे. रसास्वादाच्या आड येणारीं सात विघ्नें त्यानें सांगितलीं आहेत. प्रेक्षकांच्या नित्याच्या तक्रारी त्यांतील कांहीं विघ्नांपुढें ठेवून पाहिल्या, तर एरवीं तुसडीं वाटणारीं वाक्यें किती अर्थपूर्ण असतात तें दिसून येईल. ‘डोकें दुखलें, मळमळलें’ ही तक्रार घ्या. स्वतःच्या सुखदुःखानें प्रेक्षक विवश झाला कीं रस उरत नाहीं, हें त्या विघ्नांपैकीं एक आहे. भयभीत माणसाच्या हातांतला कॅमेरा हलणारच, असें दिग्दर्शक म्हणेल. परंतु पात्राचा कंप प्रेक्षकाच्या पोटांत उतरला, तर तो त्या पात्राचा राहत नाहीं. प्रेक्षक मग रानांतून उठून आपल्या देहांत परत येतो. ही तक्रार करणारा अरसिक नव्हे.

दुसरी तक्रार ‘कांहीं दिसलेंच नाहीं’ ही. येथें अस्फुटता हें विघ्न लागूं पडतें. पण तें कोठें लागूं पडतें याचा विवेक पाहिजे. भयाचें कारण अस्फुट असणें हा गुण आहे. भयाचें स्थळ अस्फुट असणें हा दोष आहे. राहुटी कोठें, ओढा कोणत्या बाजूस, आवाज कोणीकडून आला, परतीची वाट किती लांब, हें प्रेक्षकास कळत नसेल तर तो घाबरत नाहीं, नुसता गोंधळतो. उपर्युक्त पटांत तिघेजण दिवसभर दक्षिणेकडे चालतात आणि सायंकाळीं ओढ्यावर आडव्या पडलेल्या त्याच ओंडक्यापाशीं येतात. तो ओंडका आम्हीं आधीं स्पष्ट पाहिलेला असतो, म्हणूनच तो पुन्हां दिसतांच छातींत धस्स होतें. त्या प्रसंगास एक पैचाहि जादा खर्च आलेला नसेल.

तिसरी तक्रार सर्वांत सार्वत्रिक: ‘हीं माणसें अशी कां वागतात?’ रात्रीं बाहेर कां जातात, परत कां फिरत नाहींत, जीव धोक्यांत असतां चित्रण कां करीत बसतात? अभिनवगुप्तानें पहिलें विघ्न सांगितलें आहे तें संभवनीयतेच्या अभावाचें. प्रेक्षकाचें मन ‘हें शक्य नाहीं’ असें म्हणूं लागलें कीं पुढचें सर्व वायां. आमच्या मतें या तक्रारीची सरसकट बाजू घेतां येणार नाहीं. थकलेला, उपाशी, वाट चुकलेला माणूस शहाण्यासारखा वागत नाहीं. खुर्चीवर बसून त्यास अक्कल शिकविणें सोपें आहे. त्या पटांतला एक सोबती संतापानें नकाशा लाथेनें ओढ्यांत उडवून देतो, त्यावर प्रेक्षक चिडतात. आम्हांस तें कृत्य अगदीं मानवी वाटतें. परंतु चित्रण कां थांबत नाहीं, हा आक्षेप सबळ आहे. कॅमेऱ्यांतून पाहिलें म्हणजे जग थोडें खोटें, म्हणून थोडें सुसह्य वाटतें, असें उत्तर पटांतच सुचविलेलें आहे. तें ज्याच्या ध्यानांत आलें त्याचें विघ्न दूर झालें, ज्याच्या ध्यानांत आलें नाहीं त्याचें राहिलें.

या सर्व तक्रारी एकत्र केल्या म्हणजे त्यांच्या तळाशीं एकच मागणी दिसते. प्रेक्षक खर्चाची मागणी करीत नाहीं. तो विश्वासाची मागणी करतो. तो म्हणतो, तुला जें दाखवितां येण्यासारखें होतें तें तूं नीट दाखविलेंस काय? झाड झाडासारखें, वाट वाटेसारखी, भूक भुकेसारखी दाखविलीस, तर चेटकीण दाखविली नाहींस तरी मी तुझ्यावर विसंबेन. दृश्य जग ज्यानें काळजीनें मांडलें, त्यासच अदृश्य लपविण्याचा अधिकार मिळतो. हा नियम लक्षांत ठेवून आतां आपण घराकडे वळूं.

मराठींत या जातीचें जें एक लक्षणीय उदाहरण आहे, त्यांत जंगल नाहीं, ऊस आहे. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा पट जुलै २०१७ मध्यें प्रदर्शित झाला. दिवस भरत आलेली एक गरोदर तरुणी आणि तिचा नवरा पैशांच्या तगाद्यापासून लपण्यासाठीं उसाच्या फडांमधल्या एका एकाकी घरीं येऊन राहतात, आणि त्या घरच्या बाईचें आदरातिथ्य हळूहळू गळ्याशीं येऊं लागतें. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींच्या अभिनयावर पटाचा मुख्य भार आहे. पुढें याच दिग्दर्शकानें २०२१ सालीं तो ‘छोरी’ या नांवानें हिंदींत केला. रहस्य उघड करून आम्ही कोणाचा रसभंग करूं इच्छीत नाहीं. स्त्रीभ्रूणहत्येच्या पापाशीं त्याचा संबंध आहे, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

उसाची निवड ही केवळ काटकसर नव्हे. ऊस हें माणसानें स्वतः लावलेलें अरण्य आहे. तो पुरुषभर उंचीच्या वर वाढला कीं दोन हातांपलीकडचें दिसत नाहीं. पाला अंग कापतो. वारा नसतांना सळसळ झाली तर आंत कोणीतरी आहे असें समजावें. आडसाली लागवड असली तर हें रान दीड वर्षाच्या सुमारास उभें असतें आणि तोड आली कीं चार दिवसांत नाहींसें होतें. जुन्नरच्या बाजूस बिबट्याच्या माद्या उसांतच पिलें घालतात, हें तेथील शेतकरी जाणतो. अशा प्रेक्षकास फडांतल्या पावलांचा आवाज ऐकविण्यास यंत्रतंत्राचें साहाय्य लागत नाहीं. भय त्याच्या पदरींच असतें, निर्मात्यानें त्याची गांठ तेवढी सोडावयाची.

या पटाविषयीं एक तक्रार होण्याजोगी आहे, ती अशी कीं भयाच्या पटांत समाजसुधारणेचा बोध कशाला? बोध शब्दांनीं सांगितला जातो तेथें भय सैल पडतें, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु येथें बोध आणि भय हीं दोन वेगळीं नाहींत. लपाछपी हा मुलांचा खेळ. जन्मास येण्यापूर्वींच जीं लपविलीं गेलीं त्यांचा तो खेळ आहे, हें कळतांच पटाचें नांवच अंगावर कांटा आणतें. ज्या गोष्टी समाज स्वतःच दडवून ठेवतो, त्यांना भयपटांतच वाचा फुटावी यांत विसंगत काय आहे? तेव्हां ‘बोध नको’ या तक्रारीचा खरा अर्थ ‘बोध वेगळा काढून हातावर ठेवूं नका’ असा घ्यावा, आणि त्या अर्थानें ती योग्य आहे.

रानाशीं प्रेक्षकाचें नातें काय, यावर कौल कसा बदलतो, हें पाहण्यास आमची स्वतःची वस्तीहि उपयोगीं पडेल. आम्ही राहतों ती एव्हरशाईन सिटी वसईच्या पूर्वेस आहे. रोज सकाळीं पश्चिम रेल्वेच्या गाडींत स्वतःस कोंबून मुंबईस जाणाऱ्या नोकरदारांची ही इमारतींची वसाहत. येथून पूर्वेस अहमदाबादचा महामार्ग ओलांडला कीं तुंगारेश्वराचे डोंगर लागतात. २००३ सालीं तें रान अभयारण्य म्हणून घोषित झालें. आमच्या वस्तींतील बहुतेकांस तें ठाऊक आहे तें पावसाळ्यांतील धबधब्यांपुरतें आणि श्रावणांतील महादेवाच्या दर्शनापुरतें. रान आम्हांस इतकें जवळ आहे आणि तरी इतकें अपरिचित आहे, कीं रहस्यपटाचा आदर्श प्रेक्षक आमच्याहून दुसरा सांपडूं नये. जें रोज दृष्टीस पडतें पण ज्याच्या आंत आपण रात्रीं कधींहि गेलों नाहीं, त्याचेंच भय घालणें सोपें असतें.

आणि अदृश्याचें भय किती परिणामकारक असतें, हें वसईनें २०२४ सालीं प्रत्यक्ष अनुभविलें आहे. मार्च महिन्याच्या अखेरीस पश्चिमेकडील किल्ल्याच्या परिसरांत एक बिबट्या आला. वनखात्यानें त्यास पिंजऱ्यांत पकडीपर्यंत एप्रिल उलटत आला. तो दिसला अगदीं थोड्यांस, घाबरले सगळे. पावलांचे ठसे, वनखात्याचे कॅमेरे आणि ऐकीव वार्ता एवढ्यावर संध्याकाळच्या वाटा ओस पडूं लागल्या. बिबट्या दिसला नाहीं म्हणून त्या दिवसांत कोणी तक्रार केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं! तक्रार नव्हती, कारण किल्ला खरा होता, ठसे खरे होते, आणि आपल्या घरापासून तेथपर्यंतचें अंतर प्रत्येकास पावलांनीं ठाऊक होतें. दृश्य पक्कें असलें म्हणजे अदृश्य किती वजन पेलतें, याचा याहून चांगला दाखला कोणता द्यावा?

तथापि येथें एक गोष्ट शहरी प्रेक्षकाच्या नजरेंतून निसटते. जें आम्हांस भयस्थान तें दुसऱ्या कोणाचें घर असतें. पालघर जिल्ह्याच्या डोंगरांत वारली, मल्हार कोळी, काथोडी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांस रानाची माहिती आहे, आणि त्यांचें भय निराळें आहे. पुष्कळ रहस्यपटांत रानांतील रहिवासी येतो तो वाटेंत भेटून अशुभ भाकित सांगणारा म्हातारा म्हणून, नाहींतर स्वतःच संकट म्हणून. हा आळस आहे, आणि कमी भांडवल ही त्यास सबब होऊं शकत नाहीं. छत्रपाल निनावे यांचा ‘घात’ हा मराठी पट आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो यासाठीं. २०२३ च्या बर्लिन महोत्सवांत ‘पॅनोरमा’ विभागांत तो दाखविला गेला आणि २७ सप्टेंबर २०२४ रोजीं आपल्या चित्रपटगृहांत आला. त्यांतील अरण्य नक्षलवादाच्या छायेंतील आहे. बंडखोर, पोलीस आणि तेथील माणसें यांपैकीं कोण कोणाचा, हें कोणासच ठाऊक नसणें हेंच त्यांतील रहस्य. येथें भय झाडांमागच्या पिशाच्चाचें नाहीं. झाडांखालीं राहणाऱ्या माणसास दोन्हीकडून वाटणाऱ्या संशयाचें आहे. हा पट संथ वाटतो, असें कोणी म्हणेल. संथपणा आहेच, परंतु जेथें एक चुकीचा शब्द प्राणावर बेततो तेथें माणसें भराभरा बोलत नाहींत, हें त्या प्रेक्षकानें मनांत आणून पाहावें.

चेटकिणीच्या कथेसंबंधींहि हेंच म्हणतां येईल. अमेरिकेंत ती दंतकथा म्हणून चालून गेली. आपल्याकडे ती दंतकथा नाहीं. ‘रागिणी एमएमएस’ या २०११ सालच्या अल्प खर्चाच्या हिंदी पटांत एका एकाकी घरांतील पिशाच्च मराठी बोलतें, आणि आपण चेटकीण नव्हतों असें सांगतें; तें ऐकून मराठी प्रेक्षकास वाटणारी अस्वस्थता हिंदी प्रेक्षकास तितकीशी वाटणार नाहीं. भुताळी ठरवून बाईस छळण्याचे प्रकार आपल्या राज्यांत घडत आले, आणि २०१३ सालीं महाराष्ट्रास जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. हा विषय घेऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जो घेईल त्यानें हें ठरवावें कीं आपला पट प्रेक्षकास त्या बाईचें भय घालणार आहे, कीं त्या बाईस वाटलेलें भय दाखविणार आहे. यांतलें दुसरें अधिक भयंकर आहे, आणि त्यास पैसाहि अधिक लागत नाहीं.

आतां या अभिप्रायांच्या व्यावहारिक परिणामाविषयीं थोडें. पूर्वीं प्रेक्षकाचा उद्गार जिन्यावरच विरून जाई. आज तो तत्काळ आंकड्यांत मांडला जातो. पांचांपैकीं इतके तारे, दहांपैकीं इतके गुण. अर्ध्या प्रेक्षकांनीं दहा गुण दिले आणि अर्ध्यांनीं दोन, तर सरासरी सहा येते, आणि वाचणारा समजतो कीं पट सामान्य आहे. वस्तुतः तो कोणासच सामान्य वाटलेला नसतो! रानांतील रहस्यपटावर हा अन्याय विशेष होतो, कारण दोन टोकांचे कौल हाच त्याचा स्वभाव आहे. मोठ्या नटांचा पट हा धक्का सोसतो. लहान मराठी पटास आधींच खेळ थोडे आणि वेळा अडनिड्या. पहिल्या तीन दिवसांत आंकडा पडला कीं तो चित्रपटगृहांतून उठतो. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा कोंकणांतील गांवाचें नांव मिरविणारा हिंदी भयपट ऑक्टोबर २०१८ मध्यें आला तेव्हां त्याचें उत्पन्न बेताचें होतें. सप्टेंबर २०२४ मध्यें तोच पुन्हां लागला आणि पहिल्या वेळेपेक्षां अधिक चालला. पटांतील एक चित्रहि बदललेलें नव्हतें; मधल्या काळांत लोकांनीं तो घरीं पाहिला, एकमेकांस सांगितला आणि कौल बदलला. असें दुसरें आयुष्य सगळ्यांच्या नशिबीं नसतें.

म्हणून प्रेक्षकाकडे आमचें एवढेंच मागणें आहे, कीं त्यानें गुण द्यावेत, पण गुणांबरोबर एक वाक्य अधिक द्यावें. आवडलें कीं नाहीं, एवढ्यावर थांबूं नये. कोठें विश्वास बसला आणि कोठें उडाला, तें सांगावें. ‘कांहींच दाखविलें नाहीं’ याऐवजीं ‘ती खोली घरांत कोठें आहे तेंच मला शेवटपर्यंत कळलें नाहीं’ असें तो म्हणाला, तर दिग्दर्शकास पुढच्या पटासाठीं याहून मोठी मदत कोणता टीकाकार करूं शकेल? आणि निर्मात्यांसहि सांगणें आहे. प्रेक्षक अडाणी आहे, त्यास सूक्ष्म कळत नाहीं, ही तुमची नेहमींची समजूत सोडा. त्यानें तुमच्या दारिद्र्यास कधींच नांवें ठेविलेलीं नाहींत. त्यानें नांवें ठेविलीं तीं हयगयीस. अंधार स्वस्त मिळतो हें खरें. पण त्या अंधाराच्या अलीकडचें एक पाऊल जमीन तरी तुम्हांस स्वच्छ दाखवावी लागेल. तेवढी दाखविलीत, म्हणजे पुढचें पाऊल प्रेक्षक आपण होऊन टाकील.